चार बोटांचं जाळं

कमरुद्दीनला आयुष्यात दोन गोष्टींची हौस होती, अत्तराची आणि अध्यक्षपदाची. अत्तर शारजाच्या रोल्ला बाजारात हवं तेवढं मिळायचं. अध्यक्षपद मात्र रास अल खैमाच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षं काढूनही कुणी देऊ केलं नव्हतं. म्हणून त्या गुरुवारी, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर सगळे नाखवे वाळूवर गोल करून बसले आणि बू उबैदने विचारलं की या समुद्राची जबाबदारी आता कोण घेणार, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत कमरुद्दीन उभा राहिला.

प्रश्न सुरमईचा होता. किनाऱ्यावरचे अरब तिला कनाद म्हणतात. पूर्वी एका सुरमईला दोन माणसं लागायची, आता एका माणसाच्या हातात दोन सुरमया यायच्या. नायलॉनची जाळी आल्यापासून जाळ्याचं भोक लहान होत गेलं होतं. ज्या माशाने निसटून जावं, वाढावं, अंडी घालावी आणि मग पुढच्या वर्षी जाळ्यात यावं, तोही कोवळ्या वयात कल्ल्यांशी अडकून मरत होता. हे सगळ्यांना कळत होतं. शेजाऱ्याने मोठ्या भोकाचं जाळं टाकावं यावर तर सगळ्यांचं एकमतच होतं.

बू उबैद किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना नाखवा. त्याने जुनाच नियम पुन्हा सांगितला. चार बोटं एकाला एक लावून जाळ्याच्या भोकात घालायची. बोटं मुळापर्यंत गेली तर जाळं हलाल, नाही गेली तर नाही. लहान भोकाचं जाळं सापडलं तर काय करायचं, यावर कुणी म्हणालं समज द्यावी, कुणी म्हणालं दोन दिवस होडी बंद ठेवावी. कमरुद्दीनला ते फारच मिळमिळीत वाटलं. तो आपल्या अरबी-हिंदीत म्हणाला, "जाळं इथे वाळूवर जाळायचं. आणि त्या घरच्या होड्या पूरा सीझन बंद. रिस्पॉन्सिबिलिटी म्हणजे रिस्पॉन्सिबिलिटी." मग दाढीवर हात ठेवून त्याने सांगितलं की आपले मरहूम वडील खैरुद्दीन यांच्यापासून आपल्या घरात चार बोटांच्या खाली जाळं नाही. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्यांनी आपल्याकडे जेवायला यावं आणि पहिलं जाळं आपलंच मोजावं.

लोकांनी माशाल्ला म्हटलं. कमरुद्दीन घरी आला तो अध्यक्षासारखाच चालत.

घर दोन भावांचं, अंगण एक आणि चूलही एक. थोरला कमरुद्दीन दोरे-जाळ्यांचं दुकान बघायचा, धाकटा वली दोन होड्या. वलीची बायको शहरबानू जाळी विणायची, आणि कमरुद्दीनची बायको रुकय्या या सगळ्यांना सांभाळायची, निदान तिचं तसं म्हणणं होतं. सध्या घरात रुकय्याचा भाऊ हमदुल्लाही उतरला होता. कोकणातल्या गावाहून, बाणकोटहून मुंबई आणि मुंबईहून आगबोट, असा उलट्या करत तो आला होता, कारण त्याचा मुलगा अन्वर आणि कमरुद्दीनची साजिदा यांचं लग्न पक्कं करायचं होतं. अन्वरचा फोटो त्याने आणला होता. फोटोत अन्वरपेक्षा फोटोवाल्याची कुंडी जास्त दिसत होती.

साजिदाने तो फोटो एकदा पाहिला आणि परत दिला. तिचे दुधाचे दात याच किनाऱ्यावर पडले होते. बाणकोट तिला आठवत नव्हतं, आठवायचंही नव्हतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देणं त्या घरात उद्धटपणा समजला जाई.

शुक्रवारी सकाळी कमरुद्दीन मेहमानांच्या जेवणाच्या सूचना देत फिरत होता, तेव्हा शहरबानू डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भाईसाहेब, मेहमान यायच्या आधी जाळं एकदा मोजून बघाल का?"

कमरुद्दीन हसला. अंगणात खांबापासून खांबापर्यंत नवं जाळं वाळत होतं, दोन वर्षांच्या विणकामाचं, अजून पाण्यात दोनदाच गेलेलं. त्याने ऐटीत चार बोटं पुढे केली. तीन आत गेली. चौथं बाहेर राहिलं. त्याने दुसरं भोक पाहिलं, मग तिसरं. मग उकिडवा बसून अगदी खालच्या रांगेतलं पाहिलं, जणू तिथे अल्लाची काही वेगळी मेहरबानी असेल.

"आटलं," तो म्हणाला.

"सुती जाळं आटतं, भाई," वली म्हणाला. "नायलॉन आटत नाही. तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता."

मग खैरुद्दीनची पट्टी आणली गेली. जाळं विणताना प्रत्येक गाठ एका लाकडी पट्टीवर घेतात, म्हणजे सगळी भोकं सारखी येतात. ही पट्टी म्हाताऱ्याने शिसवीतून स्वतःच्या चार बोटांच्या मापाने कापली होती, आणि त्याची बोटं म्हणजे केळी होती. कमरुद्दीनने पट्टीवर हात ठेवला. करंगळी कडेबाहेर लोंबू लागली.

हमदुल्ला तसबीहचे मणी फिरवत बसला होता. अमानतीत खयानत करणाऱ्याचं, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू बिघडवणाऱ्याचं, कयामतच्या दिवशी काय होईल, हे त्याने तेवढ्यात सगळ्यांना ऐकवलं. ते ऐकून वली पुढे आला.

"मी एकदाच तासली," तो म्हणाला. "चाकूने. केसाएवढी. तीन सालांमागे बारीक मासा फार सुटत होता म्हणून."

कमरुद्दीन त्याच्यावर असा कडाडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. बापाची निशाणी, खानदानाची इज्जत, सगळं झालं. रुकय्या शांतपणे ऐकत होती. नवरा श्वास घ्यायला थांबला तेव्हा तिने विचारलं की मग दुकानातली कानस त्याच साली रमजानात घरी कशाला आली होती.

कमरुद्दीनने घसा साफ केला. "ती गोष्ट वेगळी. वलीने चोरून तासली. मी मोठा आहे. माझं ते मॅनेजमेंटचं डिसिजन होतं."

"चोरूनच घेतलं होतंत," रुकय्या म्हणाली.

पण दोन माणसांनी केसाएवढं काढून एक अख्खं बोट जात नाही. हिशेब जुळेना. शहरबानू खाली मान घालून पाट्याकडे बघत होती. पाट्यावर एका कडेला शिसवीचा काळसर डाग होता आणि तो मसाल्याचा नव्हता. रुकय्याने तिची नजर पकडली आणि एकदम फणकारली. हो, घासली पाट्यावर, ओली वाळू लावून. मुलीचं लग्न आहे, सोन्याच्या बांगड्या काय समुद्रातून आपोआप येतात? आणि शहरबानूला तोंड होतं ना, विणताना का नाही बोलली?

पट्टी हातात हलकी लागते हे शहरबानूला विणायला घेतलं त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मोठी सुरमई कापून कापून तिचे खांदे भरून यायचे, आणि लहान सुरमई तव्यात अख्खी मावते. या घरात बाईचं काम कमी करणारी तेवढी एकच सुधारणा झाली होती, ती कशाला मोडा, असं मनाशी म्हणून ती विणत राहिली. म्हणजे खैरुद्दीनची चार बोटं त्याच्या वारसांनी मिळून, एकमेकांना पत्ता लागू न देता, तीनवर आणली होती. एवढ्या एकजुटीने त्या घराने दुसरं कुठलंच काम कधी पार पाडलं नव्हतं.

आता घड्याळाकडे बघायची वेळ आली. जुम्म्यानंतर मेहमान येणार. नवं जाळं दोन वर्षांत होतं, दोन तासांत होत नाही. वली म्हणाला भाईने आजारी पडावं. भाई म्हणाला वलीने पडावं. हमदुल्लाला एवढ्यात दुसरीच शंका आली. जाळं खरंच जाळतात का, आणि जाळलं तर या घराच्या दोन्ही होड्या सीझनभर वाळूवर, म्हणजे मग लग्नाचं कसं, हे त्याने जरा आडून विचारलं. वस्तुस्थिती कळल्यावर त्याची तसबीह थांबली. मजबुरीत शरियतही सवलत देते, असं तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच रुकय्याला भाऊ समजूतदार वाटला.

आणि उपाय तिलाच सुचला. साजिदा सांदणांची परात घेऊन अंगणातून चालली होती. परातीच्या कडेवर तिची बोटं दिसत होती, पातीच्या कांद्यासारखी बारीक आणि सरळ.

"साजिदा," रुकय्या म्हणाली, "परात ठेव. इकडे ये."

साजिदाची चारही बोटं भोकात मुळापर्यंत गेली. वर जागा उरली.

"अल्हमदुलिल्ला," कमरुद्दीन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अध्यक्षपद परत आलं.

"अब्बा, ही फसवणूक आहे," साजिदा म्हणाली.

"कसली फसवणूक? रूल काय आहे? चार बोटं. तुझी किती आहेत? चार. मी दाढीवर हात ठेवून चार बोटं म्हटलं, माझी म्हटलं नाही. लीगली बघ तू."

रुकय्याने लेकीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे सगळं तुझ्याच लग्नासाठी चाललंय. साजिदाला वाटलं, मग जळू दे जाळं. जाळं जळलं की हमदुल्लामामू पुढच्या आगबोटीने कुंडीवाल्या फोटोसकट परत जाईल. नुसतं नाही म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या ओठावर आलाही होता. पण समोर शहरबानूकाकी जाळ्याची कड हातात धरून उभी होती. नायलॉनने तिच्या तर्जनीवर कायमची चीर पाडली होती. दोन वर्षं रोज संध्याकाळी साजिदा तिच्याजवळ बसून सुई भरून द्यायची. आणि वलीकाका सीझनभर वाळूवर काय करणार? त्याला समुद्राशिवाय दुसरं काही येत नाही. या दोघांचं घर जाळून आपली सुटका करून घ्यायची तिला लाज वाटली. आणि हात पुढे करायचा त्याचीही लाज वाटली. दोन लाजांतली जी फक्त आपल्याला भोगावी लागेल ती तिने घेतली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "फक्त काकीसाठी."

परक्या पुरुषांसमोर जवान मुलगी कशी बसवायची, हा पेच हमदुल्लाने सोडवला. दारात पडदा लावायचा, मुलगी आत, हात बाहेर. शरियतही राहील आणि चेहराही दिसणार नाही. चेहऱ्यावर काय लिहिलंय हेही मग कुणाला वाचता येणार नव्हतं, पण ते त्याने म्हटलं नाही.

मेहमान आले, भाताच्या थाळ्याभोवती बसले, जेवले. भातावर तळलेली सुरमई होती, अख्खी, तव्यात मावलेली. ती पाहून बू उबैद म्हणाला की त्याच्या लहानपणी एवढा मासा मांजराला टाकत. म्हणून त्याने दुसरा घेतला. गावा, म्हणजे अरबी कॉफी, झाला, हात धुऊन झाले, आणि कमरुद्दीन बोलायला उभा राहिला. तो म्हणाला की नाखव्याने नाखव्याचं जाळं मोजलं तर भांडणं होतात. इथे फार विचार करून एक सिस्टिम बसवली आहे. कुमारिकेचा हात. तो ना या होडीचा, ना त्या होडीचा, आणि गुनाहाने मळलेला नाही.

बोलताना त्याचं सगळं लक्ष मेहमानांच्या हातांवर होतं. आता कुणीतरी उठेल, हात पुढे करून म्हणेल की या हबीबी, माझ्या हाताने मोजू. पण कुणी उठेना. नाखवे पडद्यातून बाहेर आलेल्या त्या बारीक हाताकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यांवर काळजीच्या जागी समाधान आलं. बू उबैद तर फारच प्रसन्न दिसू लागला. काल वाळूवर जाळं जाळायचं ठरल्यापासून त्याला झोप लागली नव्हती, कारण त्याच्या घरची चार जाळी त्याच्या मुलाने मुंबईहून मागवली होती आणि म्हाताऱ्याने ती एकदा, दार लावून, मोजली होती.

जाळं पडद्यापाशी आणलं. हात आत गेला. बोटं मुळापर्यंत.

"मबरूक, मुबारक असो," बू उबैद म्हणाला. "असा इन्साफ मी पाहिला नाही. आता माझी आणा."

मग रांगच लागली. ज्याचं त्याने जाळं गाढवावर, डोक्यावर, पोरांच्या खांद्यावर आणलं. पडद्यामागे साजिदा बसली होती. तिला माणसं दिसत नव्हती, पाय दिसत होते आणि हातात येणारी जाळी लागत होती. एकामागून एक भोक, सगळी तीन बोटांची, काही तर तिच्याही करंगळीला काचणारी. तिला वाटलं होतं खोटं फक्त आपल्या घरात आहे. आता अख्खा किनारा तिच्या बोटांवरून सरकत होता आणि बाहेर प्रत्येक वेळी मबरूक होत होतं. या भोकातून काहीच सुटणार नाही, एकही पिल्लू मोठं होणार नाही, हे तिला आतून कळत होतं. तिला रडू आलं. पडद्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, आणि हात तर रडत नाही.

असरपर्यंत सगळी जाळी मोजून झाली. एकही जाळावं लागलं नाही. आपला किनारा किती जबाबदार आहे याचा हा पुरावा आहे, असं कमरुद्दीन म्हणाला, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

निघताना बू उबैदने काठी टेकली. "आता माप ठरलं. दर सीझनला जाळी पाण्यात जायच्या आधी याच हाताने मोजायची. हा हात किनारा सोडून जाणार नाही. खलास."

कमरुद्दीनने अजिजीने सांगितलं की मुलीचं लग्न ठरतंय, तिकडे, हिंदुस्तानात. हमदुल्ला लगबगीने पुढे होऊन हसला.

"मग दुसरा हात लागेल," बू उबैद म्हणाला. "तू जबाबदार माणूस आहेस. तुझा चालेल."

सगळ्यांनी कमरुद्दीनच्या हाताकडे बघितलं. वडिलांची इस्टेट फारशी आली नव्हती, पण बोटं आली होती. कमरुद्दीनने ती हळूच पाठीमागे नेली.

"लग्न कॅन्सल," तो म्हणाला. "इन्शाल्ला, मुलगी इथेच राहील."

दारामागून रुकय्याच्या हातातली थाळी पडल्याचा आवाज आला. मेहमान गेल्यावर ती नवऱ्याशी खूप भांडली, पण भांडायला तिच्याकडे मुद्दाच नव्हता. लेकीला हात पुढे करायला तिनेच सांगितलं होतं. हमदुल्लाने अन्वरला घरजावई म्हणून पाठवायची तयारी दाखवली. मग कमरुद्दीनने विचारलं की अन्वरची बोटं कशी आहेत, पोरं बापावर गेली तर? यावर हमदुल्ला जो रुसला तो सामान बांधायलाच लागला. फोटो तेवढा विसरला. शहरबानूने तो मसाल्याच्या फळीवर उलटा ठेवला.

सूर्य बुडाल्यावर, मगरिबनंतर चुलीशी भाकऱ्या चालल्या होत्या. कमरुद्दीन ओट्यावर बसून नव्या जबाबदारीचे नियम सांगत होता. साजिदाने आजपासून जड काम करायचं नाही, बोटं जाड होतात. पाटा-वरवंटा बंद. तूप बंद, खजूर बंद, रात्री एकच भाकरी. या हातावर अख्ख्या किनाऱ्याची फिशरी उभी आहे, त्यामुळे तिने मनाला येईल तसं खाऊन चालणार नाही. कधी नव्हे ते वलीलाही हे पटलं. रुकय्याला आज काहीच पटत नव्हतं, ती तोंड फिरवून बसली होती.

साजिदा गुमान एक भाकरी घेऊन बसली. संध्याकाळपासून ती आपला हात गुडघ्यावर ठेवून बघत होती. लग्न टळलं होतं. तिला हवं होतं तेच झालं होतं, पण कशाच्या बदल्यात झालं ते तिच्या बोटांना माहीत होतं.

"काकी," ती हळूच म्हणाली, "पुढचं जाळं कधी घेणार विणायला?"

"उद्या." शहरबानू भाकरी थापत होती. "भाईसाहेब म्हणतात याच पट्टीवर घे."

"याच्यावर नको. जुन्या मापाची कापून घे, आजोबांच्या."

"आणि बाकीच्या किनाऱ्याचं काय? त्यांची जाळी तर तू आज पास केलीस."

"आज केली. यापुढे दर सीझनला परत माझ्याकडेच येणार ना मोजायला?"

शहरबानूचा थापता हात थांबला. तिने पुतणीकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे, मग ओट्यावर बसलेल्या दिराकडे. तो वलीला समुद्र सांभाळणं म्हणजे काय हे समजावून सांगत होता आणि त्याची चुलीकडे पाठ होती.

साजिदाने रिकामी थाळी पुढे केली. "अजून दोन दे. आणि तूप लाव वर."

शहरबानूने तव्यावरची भाकरी उतरवली, तुपाच्या बरणीचं झाकण काढलं आणि पळी बाजूला ठेवून सरळ वाटी बुडवली.